हेमाद्रीपूर्वीचे ‘हेमाडपंती’

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले, की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत हा शिक्का टिकत नाही.

यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे रामनारायणाचे मंदिर बांधविले. इंग्लंडमधील त्या काळच्या गावच्या चर्चमध्ये मृत योद्ध्याची निजलेली दगडी प्रतिमा ठेवीत. इथे भावाचे नाव देवालाच दिले. शिलालेखात शके ११६२ आहे. त्यात ७८ मिळवले की इ. स. १२४० येते (जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या मितीला ७९ मिळवावेत). हेमाद्री ज्या महादेव यादवाचा मंत्री, तो गादीवर आला १२६० च्या सुमारास! येथील सकलेश्वर, म्हणजे बाराखांबी, तर शके ११५० चे.

मग हेमाद्रीचे श्रेय काय? निदान या बांधणीच्या शोधाचे नक्कीच नाही. ती गवंड्यांच्या पिढ्यांनी घडविली.

बाराखांबीत विद्यार्थी खांब मोजतात. त्यांना विचारावे, इतके खांब कशाला? दगड दाब भरपूर सोसतो, ताण फारसा नाही. भाराने तुळई किंचित वाकते, खालची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणून गाळे अरुंद ठेवावे लागतात. वर्गात खडू घ्यावा. दोन्ही टोकांकडून सरळ दाबला तर सहसा मोडत नाही. वाकवला की लगेच मोडतो.