रिमोट डेस्कटॉप लागत नाही? आधी इतिहास बघा

समजा, तुम्ही खाप्यात विणकरांच्या मुलाखती घेताय, आणि आधीच्या नोंदी नागपूरला ऑफिसच्या संगणकात आहेत. जोडणी लागत नाही. संगणक चालू आहे ना, हे फोनवर विचारा. मग काळाच्या क्रमाने तपासा.

२००१ : विंडोज एक्सपीत ही सोय प्रोफेशनल आवृत्तीत आली. होम आवृत्ती आजही बाहेरून ताबा देत नाही.

२००४ : सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू. त्यात रिमोट डेस्कटॉपला परवानगी हवी.

२०१९ : ‘ब्लूकीप’ त्रुटी इतकी गंभीर, की मायक्रोसॉफ्टने कालबाह्य एक्सपीलाही दुरुस्ती दिली. म्हणून घाईत ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका, व्हीपीएन मागा. विश्वासाने बोललेल्या माणसांची नावं त्याच संगणकात आहेत.