अपडेट टाकल्यावर अडलेला संगणक

घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे हे एके काळी काही वर्षांतून एकदा, ठरवून करायचे काम होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेले विंडोज ९५ सीडीवर मिळे, तसेच १३ फ्लॉपींच्या संचातही मिळे. एकेक फ्लॉपी घालत-काढत ते चढवायचे आणि शेवटाकडची एखादी फ्लॉपी वाचता आली नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वेळ फार जाई, पण संगणकाचा मालक समोर बसलेला असे आणि आपण काय बदलतो आहोत हे त्याला ठाऊक असे. २५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ बाजारात आले, तेव्हा त्याच्यासोबत इंटरनेटवरून दुरुस्त्या उतरवून घेण्याची 'विंडोज अपडेट' ही सोय आली. २००० सालच्या विंडोज मिलेनियममध्ये हे काम आपोआप होऊ लागले. संगणक आधीच्या स्थितीला परत नेणारे 'सिस्टिम रिस्टोअर'ही त्याच आवृत्तीत पहिल्यांदा मिळाले. परतीची वाट आपोआप अपडेटसोबतच द्यावीशी वाटली, यावरून धोक्याची कल्पना बनवणाऱ्यांना पहिल्यापासून होती असे म्हणता येते.

अपडेटने घरचा संगणक का अडतो, याचे मूळ १९८१ सालच्या आयबीएम पीसीत आहे. त्या यंत्राची रचना खुली होती, म्हणून कोणीही त्याचे सुटे भाग बनवू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या असेंबल्ड पीसीत मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचे, साउंड कार्ड तिसरीचे असे. ऑपरेटिंग सिस्टिमशी यातल्या प्रत्येक भागाचे बोलणे ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत चालते. अपडेटने सिस्टिमच्या गाभ्यात फेरफार केला आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर आवाज जातो, प्रिंटर ओळखला जात नाही किंवा निळा पडदा येऊन सगळेच थांबते. इतक्या जोड्या कोणत्याही प्रयोगशाळेत तपासून होत नाहीत. यंत्र आणि सिस्टिम दोन्ही एकाच कंपनीची असली, म्हणजे धोका टळतो असेही नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये अशाच मॅक संगणकांवर मॅक ओएस एक्स १०.३ टाकल्यावर फायरवायर ८०० या केबलने जोडलेल्या काही बाह्य डिस्कांवरचा मजकूर नाहीसा झाला होता.

दुसरे कारण खुद्द अपडेटच्या पद्धतीत आहे. चालू असलेल्या सिस्टिमच्या फायली वापरात असतात, त्यामुळे त्या तिथल्या तिथे बदलता येत नाहीत. नव्या फायली आधी बाजूला ठेवल्या जातात आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होताना जुन्यांच्या जागी बसवल्या जातात. संगणक बंद करू नका, अशी सूचना पडद्यावर येते ती या अवघड टप्प्यात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात २००५ नंतरची काही वर्षे रोज तासन्‌तास लोडशेडिंग होते. नेमक्या त्या क्षणी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी कमकुवत निघाली, तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी सिस्टिम डिस्कवर उरे.

अपडेट ही गरज आहे हे घरोघरी कळले ते २००३ च्या ऑगस्टमध्ये. विंडोज एक्सपीतल्या एका छिद्रावरची दुरुस्ती १६ जुलैला निघाली होती. ती न टाकलेल्या संगणकांवर ११ ऑगस्टपासून 'ब्लास्टर' हा वर्म, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, चालून आला. इंटरनेट जोडल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद पडे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र देण्याचा रिवाज सुरू केला. त्या निघतात तेव्हाचे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे दहा म्हणजे भारतात ऋतूनुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा, त्यामुळे इकडे त्यांचे परिणाम दिसतात ते बुधवारी सकाळी. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ निघाला. संपूर्ण पॅक सुमारे २६६ एमबीचा होता. डायल-अप जोडणीवर तो उतरवायला कित्येक तास लागले असते, म्हणून सीडी सोयीची ठरे. त्यातली फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, मुळातच सुरू असल्याने कित्येक जुने प्रोग्रॅम आणि खेळ चालेनासे झाले.

कधी दोष अपडेटचा वाटतो, पण तो आधीच घरात शिरलेला असतो. ९ फेब्रुवारी २०१० च्या दुरुस्त्यांनंतर अनेक एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर अडकले. तपासात आढळले की या यंत्रांत 'अल्युरियन' नावाचा रूटकिट, म्हणजे सिस्टिममध्ये खोलवर दडणारा घातक प्रोग्रॅम, आधीपासून लपून बसला होता. सिस्टिमच्या गाभ्यातले ठरावीक पत्ते त्याने गृहीत धरले होते. दुरुस्तीने पत्ते हलले आणि रूटकिटसह सगळा संगणकच कोसळला.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आलेली अडचण वेगळी होती. १९९० च्या दशकातले मराठी टंकलेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर चाले. त्यांच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. नव्या विंडोजवर तो फॉन्ट पुन्हा चढवला नाही, तर स्वतःचाच लेख निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. युनिकोड देवनागरी विंडोज २००० पासून मिळाली खरी, पण एक्सपीत ती वेगळी निवडून मूळ सीडीवरून घ्यावी लागे. पुढे ६४ बिट विंडोज घरांत आल्यावर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालायचे बंदच झाले आणि हार्डवेअर लॉकचे, म्हणजे डोंगलचे, जुने ड्रायव्हरही निकामी ठरले. घरून डीटीपीची कामे करणारे म्हणूनच एक जुना संगणक तसाच राखून ठेवत.

या साऱ्यातून एक घरगुती रिवाज रुजला. विंडोजची प्रत अनेकदा विनापरवाना असे, त्यामुळे ती चढवून देणाराच अपडेट बंद करून ठेवी. यंत्र अडले की कॅबिनेट, ज्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात, रिक्षातून दुकानात जाई आणि तिथे 'फॉरमॅट मारून' परत येई. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून दुकानदार बजावून सांगत की फोटो, बायोडेटा, हिशेब सगळे डी ड्राइव्हवर ठेवा. तो सल्ला अगदी बरोबर होता.

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने निर्णय मालकाच्या हातून काढून घेतला. होम आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोयच नव्हती. २०१६ च्या मे महिन्यात तर नव्या आवृत्तीची सूचना कोपऱ्यातल्या लाल फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी ठरलेल्या वेळी विंडोज १० चढतच असे. फुलीचा अर्थ नकार, हे वर्षानुवर्षे शिकवून मग तो बदलणे हा विश्वासघातच होता. महिनाभरात कंपनीला ती पद्धत सोडावी लागली.

सर्वांत मोठा घाव ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने घातला. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखी फोल्डरे सी वरून डी वर वळवली होती, त्यांच्या सी ड्राइव्हवर त्याच नावाची जुनी फोल्डरे कधी कधी उरलेली असत. नव्या अपडेटने ती रिकामी समजून पुसली. काहींच्या बाबतीत ती रिकामी नव्हती. वळवताना न हललेल्या फायली आत होत्या आणि त्या रिसायकल बिनमध्येही न जाता नाहीशा झाल्या. ६ ऑक्टोबरला कंपनीने वितरण थांबवले. अशा तक्रारी एक शतांश टक्का असल्याचे तिने सांगितले, पण ज्याचे फोटो गेले त्याचे शंभर टक्के गेले. चाचणीत भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांनी हा दोष आधीच कळवला होता, मात्र त्या तक्रारींना पुरेशी मते न पडल्याने त्या खाली राहिल्या. दुरुस्त केलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला निघाली आणि तक्रार नोंदवताना नुकसान किती गंभीर आहे हे सांगण्याची सोय झाली. मे २०१९ पासून होम आवृत्तीतही अपडेट ३५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येऊ लागले.

विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि बऱ्याच जुन्या संगणकांत ती नाही. त्यांच्यासाठी जाहीर झालेल्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे. असे यंत्र घरात असेल, तर नवीन काहीही चढवण्याआधी फोटो आणि कागदपत्रे बाह्य डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.