विजयदुर्ग
महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (देवगड तालुका) ऐतिहासिक बंदर व जलदुर्ग. वाघोटन नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, जांभ्या खडकाच्या एका पठाराचा चिंचोळा फाटा समुद्रात शिरला असून त्याच्या उत्तर टोकावर किल्ला व त्याच्या पायथ्याशी गाव वसले आहे. या भूशिराच्या पश्चिमेस अरबी समुद्र व उत्तरेस खाडी आहे. दक्षिणेकडील गिर्ये गावाच्या नावावरून इंग्रज या स्थळास ‘घेरिया’ म्हणत. किनारी बोटींची वाहतूक बंद पडल्यापासून हे गाव काहीसे एकाकी पडले. मुंबई-गोवा महामार्ग सोडून सड्यावरची व हापूसच्या बागांमधली लांब वाट तुडवावी लागते.

बंदराचे महत्त्व त्याच्या रचनेत आहे. मुखाशी वाळूचा दांडा नसल्याने ऐन पावसाळ्यातही येथे जहाजांस आसरा मिळे. खाडीने आत गेल्यावर खारेपाटण लागते. तेथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) मधील असून या जलमार्गाचा राबता किती जुना आहे, हे त्यावरून दिसते. किल्ल्याची उभारणी परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते. पुढे तो आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी तो घेऊन विजय संवत्सरावरून (शके १५७५) त्याचे नामकरण केले, अशी परंपरा आहे. तिहेरी तटबंदी व बुरुजांची मजबुती महाराजांच्या काळातील मानतात. जमिनीच्या बाजूस पूर्वी खंदक होता, तो आता बुजला आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या अमदानीत विजयदुर्ग मराठी आरमाराचे प्रमुख ठाणे बनले. १७१७ व १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी केलेले हल्ले निष्फळ ठरले. कान्होजींच्या मृत्यूनंतर (१७२९) त्यांच्या पुत्रांत दुही माजली. मानाजी कुलाब्यास राहिला, तर दक्षिणेकडील ठाणी संभाजीकडे व त्याच्या पश्चात तुळाजीकडे आली. तुळाजी पराक्रमी, पण उद्दाम होता. इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज त्याने १७४९ मध्ये पकडले, तथापि पेशव्यांची सत्ताही तो जुमानीना.

त्यास आवरण्यासाठी नानासाहेब पेशव्याने १७५५ मध्ये इंग्रजांशी संधान बांधले. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आरमारासह आणि क्लाइव्ह पायदळासह विजयदुर्गासमोर आले. पेशव्यांतर्फे रामाजी महादेव जमिनीवरून आला होता. तुळाजी वाटाघाटीसाठी मराठ्यांच्या छावणीत गेला असता १२ फेब्रुवारीस इंग्रजांनी तोफा डागल्या. किल्ल्याखाली एकमेकींस बांधून ठेवलेल्या जहाजांपैकी नेमक्या त्याच ‘रेस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडून आग लागली व ती साऱ्या आरमारभर पसरली. किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून क्लाइव्हने घाईने सैन्य उतरविले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन करण्यास ऑक्टोबरपर्यंत टाळाटाळ केली. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

तुळाजीचा बंदोबस्त आवश्यक होता, असे पेशव्यांच्या बाजूने म्हटले जाते व ते अगदीच निराधार नाही. परंतु बंडखोर सरदारास शासन करणे वेगळे आणि परकीय सत्तेकरवी आपलेच आरमार जाळू देणे वेगळे. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांस धाक वाटावा असे बळ त्यानंतर मराठ्यांकडे क्वचितच उभे राहिले. हा दोष केवळ नानासाहेबाचा, असेही नव्हे. भावाभावांत आरमार वाटले गेले, तेव्हाच त्याचे अर्धे बळ ओसरले होते. पेशव्यांच्या आरमाराची सूत्रे पुढे विजयदुर्गास धुळप घराण्याकडे आली. आनंदराव धुळप याने एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीनजीकच्या समुद्रात ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज काबीज केले. सालबाईचा तह मात्र तत्पूर्वीच (१७८२) झाला होता. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

किल्ल्याचे प्रवेशद्वार बुरुजांच्या आड दडविलेले आहे. तटाच्या समुद्राकडील भागावर तोफगोळ्यांच्या खुणा दाखवितात. खूबलढा बुरूज, सदर, कोठारे व पाण्याचा तलाव अवशिष्ट आहेत. किल्ल्याच्या पश्चिमेस समुद्रतळाशी शंभर मीटरहून अधिक लांबीची दगडी भिंत आढळली असून तिच्यावर आदळून शत्रूची जहाजे फुटत, असे सांगतात. तिचा काळ मात्र निश्चित झालेला नाही. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथऱ्यांचा संबंध १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आहे. हीलियमचा शोध लॉकयर याने येथूनच लावला, ही समजूत मात्र खरी नव्हे; लॉकयरने आपले वेध ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून घेतले होते, तर झांसेन ग्रहणाच्या वेळी गुंटूर येथे होता.

गिर्ये येथे रामेश्वराचे मंदिर व संभाजी आंग्रे याची समाधी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तटाचा काही भाग ढासळला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्गाची गणना झाली. खाडीच्या आतल्या बाजूस मराठ्यांची गोदी आहे. खडकात कोरून व बांधकामाने पुरी केलेली ही गोदी सुमारे १०८ मी. लांब व ६९ मी. रुंद असून गाळाने बरीचशी भरली आहे. किल्ला पाहून परतणारे बहुतेक प्रवासी तिकडे फिरकत नाहीत.