उंदीर पडला की घर सोडायचं

पणजी प्लेगाच्या गोष्टी आजीला सांगायची आणि आजी आम्हाला. पहिली खूण उंदराची. एरवी माणसाची चाहूल लागताच पसार होणारा उंदीर भरदिवसा माजघरात झोकांड्या खात यायचा आणि चुलीपुढे येऊन मरून पडायचा. की लगेच बोचकी बांधून माणसं माळावर झोपड्यांत राहायला जायची. घराची कौलं उतरवून आत ऊन पडू द्यायची. ‘बघू उद्या’ म्हणणाऱ्या घरात कुणाच्या काखेत, कुणाच्या जांघेत गाठ यायची आणि आठवड्याच्या आत तिरडी बांधावी लागायची.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला हा रोग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या हुकमानं गोरे सोजीर रोगी शोधत थेट देवघरापर्यंत घुसले. पणजीनं तापाइतकाच त्यांच्या बुटांचा धसका घेतला होता. विलगीकरणाच्या छावणीत नेतील म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे, आणि साथ आणखी फोफावायची. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या.

तोवर उंदराच्या अंगावरच्या पिसवेकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं तिचा माग काढला. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. पोटात वाढलेल्या जंतूंनी पिसवेची अन्नाची वाट तुंबते. भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत सोडते. सिमोंचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मानलं नाही.

पणजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पडलेल्या उंदरापासून दूर व्हायचं, हे तिच्या पिढीनं माणसं गमावून शिकून घेतलं होतं. सरकारनं बंदूक आणण्याआधी तिच्यासारख्या बायकांना दोन गोष्टी विचारल्या असत्या, तर लोकांनी दारं उघडली असती, असं मला ठामपणे वाटतं.

१९९४ मध्ये बीड आणि सुरतेत प्लेगचं नाव पुन्हा ऐकू आलं. आज स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं आहेत. वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. म्हणून एकाएकी उंदीर मरू लागले, तर उघड्या हातानं उचलू नका, आरोग्य केंद्राला कळवा. आणि तापाबरोबर गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.