घर म्हणजे किती माणसे?

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची विलायतेहून महिनाभराच्या सुट्टीवर आली आणि त्यातले आठ दिवस आमच्याकडे डोंबिवलीस राहिली. मामाकडे आलेल्या भाचीने आंबे खावेत आणि दुपारी ताणून द्यावी, असा आमच्या घरचा जुना रिवाज. हिने मात्र पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर आपला संगणक मांडला, आकड्यांचे रकाने माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, "मामा, तुम्ही मोहोळकडचे ना? मग सांगा, एखाद्या घरात एका वर्षी नऊ माणसे आणि पुढच्या वर्षी चारच, असे दिसले तर काय समजायचे? साथबीथ आली होती का?"

मला हसू आले. "अगं, साथ कसली! भाऊ वेगळे झाले असतील. एका चुलीच्या दोन चुली झाल्या, की माणसे कागदावरून अशीच नाहीशी होतात."

तिने ते लगेच टिपून घेतले. मला वाटले होते, एवढ्यावर भागेल. पण ती उठता-बसता विचारू लागली आणि तिला उत्तरे देता देता मीच त्या कागदांत गुंतलो. ती परत गेली, तरी वाचनाचा नाद सुटला नाही. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

महाराष्ट्रातल्या खेड्यांना पाहणी नवी नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आधी चहाच्या मळ्यांसाठी काम केलेले, आणि १९०७ पासून पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. या गृहस्थांनी इंग्लंडातल्या रिजमाँट नावाच्या एका खेड्याची घरोघर पाहणी केली होती. तीच दृष्टी घेऊन ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला गेले. १९१७ साली त्यांचे पुस्तक निघाले. गावात जमीनमालक १५६ आणि जमिनीचे तुकडे ७२९. त्यांतले ४६३ तुकडे एकराहून लहान! जुन्या दप्तरांवरून त्यांनी हिशेब मांडला, तो असा की १७७१ साली सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १०३ कुटुंबांपैकी नुसत्या जमिनीवर ज्यांचे नीट भागत होते अशी कुटुंबे ८, बाहेरच्या कमाईच्या टेकूने उभी राहिलेली २८, आणि उरलेली ६७ अडचणीत. आज त्याच पिंपळे सौदागरात उंच इमारतींच्या रांगा आहेत, आणि तिथे फ्लॅट घेणाऱ्यांना आपण कोणाच्या बांधावर राहतो याची वार्ताही नसेल.

मॅनसाहेबांचे हे काम फार मोलाचे. पण एक प्रश्न त्या पुस्तकाला विचारता येत नाही. ती आठ सुखवस्तू कुटुंबे दहा वर्षांपूर्वीही सुखवस्तूच होती काय? आणि त्या सदुसष्टांपैकी कितीजण पुढे वर आले? छायाचित्रात माणूस जिना चढतो आहे की उतरतो आहे हे जसे कळत नाही, तशातलाच हा प्रकार. पुढे पिंपळे सौदागरची फेरपाहणी झाली; दिसकळकरांचे ते पुस्तक १९६० चे. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची पाहणी केली आणि १९५६ साली फेरपाहणीही छापली. दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी आली. मधला जिना अदृश्यच राहिला.

तो दिसायचा तर त्याच घरी पुनःपुन्हा गेले पाहिजे, आणि वर्षामागून वर्षे गेले पाहिजे. हे काम आपल्याकडे झाले ते १९७५ पासून. हैदराबादेजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके, म्हणजे कोरडवाहू माणसाची पिके. बियाणे सुधारायचे तर ते पेरणारा माणूस कसा जगतो हे आधी कळले पाहिजे, असे तिथल्या अर्थशास्त्र्यांना वाटले. नरपतसिंह जोधा, हान्स बिन्सवांगर, जेम्स रायन ही त्यांतली मंडळी. त्यांनी सहा गावे निवडली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा, आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि दोकूर. प्रत्येक गावी चाळीस घरे. तीस शेतकऱ्यांची, लहान-मध्यम-मोठे असे दहा-दहा, आणि दहा भूमिहीन मजुरांची. गावची भाषा बोलणारा, शेतकीचे अर्थशास्त्र शिकलेला एक तरुण त्या गावातच बिऱ्हाड करून राहणार आणि तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन मजुरी, पेरणी, खरेदी, विक्री, देणे, घेणे सारे लिहून घेणार. हा क्रम पहिल्या खेपेस दहा वर्षे चालला.

शिरापूर आमच्याच मोहोळ तालुक्यातले. आमचे गाव त्या चाळीस घरांच्या यादीत नव्हते. पण आमच्याकडे असा कोणी वही घेऊन आला असता तर काय झाले असते ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. वडिलांनी त्याला बसायला घोंगडी दिली असती, गूळपाणी दिले असते, आणि ज्वारी किती झाली म्हणून विचारताच, "झाली की चार पोती," असे आभाळाकडे बघत सांगितले असते. ते दिवस धान्याच्या लेव्हीचे. वहीवाला माणूस म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे पोती मोजणारे. चौथ्या-पाचव्या खेपेस, पोरगा आपल्यातच राहतो, आपलेच पाणी पितो, हे पटल्यावर खरा आकडा निघाला असता. म्हणून भाचीला मी सांगितले, की अशा कोणत्याही कामातल्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांकडे जरा जपून बघ. माणसे एकाएकी श्रीमंत झालेली दिसली तर ती कदाचित खरे बोलू लागली असतील.

दुसरी अडचण पेवाची. आमच्या बाजूची जमीन काळी, भारी. पावसाळाभर ती मोकळी ठेवायची, भाद्रपद-आश्विनात मालदांडी पेरायची आणि शिमग्याच्या सुमारास रास करायची. पूर्वी ती ज्वारी जमिनीखालच्या पेवात जाई. सुगी चांगली झाली तर पुढच्या वर्षाचेही पोट त्यात असे. त्या पुढच्या वर्षी शेत पिकले नाही, तरी घरात भाकरी रोजच्यासारखी थापली जाते. कागदावर मात्र उत्पन्न शून्य आणि जेवण जसेच्या तसे! मग दूर बसलेला पंडित म्हणणार, या माणसाला शेजाऱ्यांनी पोसले. शेजाऱ्यांनी कशाला? त्याच्याच पेवाने पोसले.

ही केवळ थट्टा नव्हे. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्र्याने औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा यांच्या आकड्यांवरून एक निबंध प्रसिद्ध केला आणि तो जगभर गाजला. एखाद्या घराचे उत्पन्न घटले तरी त्याचा खर्च मुख्यतः साऱ्या गावाच्या मानाने हलतो, स्वतःच्या उत्पन्नाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे गावकरी एकमेकांना बरेच सांभाळून घेतात, असे त्याला आढळले. भूमिहीनांचे मात्र तितकेसे भागत नाही, हेही त्यानेच नोंदवले. १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी हरकत घेतली, की खर्चाचा आकडा कोणत्या रीतीने जुळवला आणि कसोटी कोणती लावली यावर हे उत्तर बदलते, आणि घरच्या नापिकीची झळ टाउनसेंडला वाटली त्याहून जास्त बसते. वाद पंडितांचा खरा, पण त्यावर फार मोठी गोष्ट टांगलेली आहे. गाव आपले आपण सांभाळते असे ठरले तर सरकारने दुष्काळी कामे काढायचीच कशाला?

दुष्काळी कामांचाही जाब याच वह्यांनी दिला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा आठवत असतील. त्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. तिचा कायदा १९७७ चा. महाराष्ट्रातल्या शिरापूर-कंझऱ्याला ही कामे मिळत, आंध्रातल्या औरेपल्लीला अशी योजना नव्हती. थॉमस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा शिरापूर-कंझऱ्यातल्या भूमिहीनांच्या मिळकतीतले चढउतार औरेपल्लीच्या मानाने जवळजवळ निम्मेच निघाले. एका वर्षाच्या पाहणीत हे दिसणेच शक्य नव्हते. गरिबाला किती मिळते यापेक्षा ते दर वर्षी मिळते की नाही याची धास्ती मोठी असते, आणि ती मोजायला त्याच दारात दहा वर्षे जावे लागते.

या योजनेचा पैसा कोठून आला हे मात्र त्या वह्यांत नाही. तो आला आमच्या पगारातून. १९७५ साली व्यवसाय कर बसला तो या हमीसाठीच. मी १९७३ साली गाव सोडले, सोलापूरहून येणाऱ्या गाडीने पहाटे कल्याणला उतरलो आणि लोकलने डोंबिवलीला मामांच्या बिऱ्हाडी आलो. मुंबईत कारकुनी लागली. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसली की आम्ही चाकरमाने कुरकुरत असू. तिकडे माझा धाकटा भाऊ पाझर तलावाच्या कामावर माती टाकत होता! हे दोन्ही टोकांचे नाते माझ्या ध्यानात आले ते एवढ्या वर्षांनी, भाचीच्या कागदांपुढे बसल्यावर.

सोयरिकीबद्दलही एक गमतीदार निष्कर्ष आहे. मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली याच आकड्यांवरून दाखवले, की लेकी दूरच्या गावी दिलेल्या असल्या तर नापिकीच्या वर्षी घराचा खर्च फारसा कोसळत नाही, आणि ज्यांच्या शेतीचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे ते लांबच्या सोयरिकी अधिक करतात. कारण सरळ आहे. इथे पाऊस पडला नाही तरी तिकडे पडलेला असतो. भाचीने हे माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितले. तिला बार्शीच्या पलीकडे दिली आहे. ती म्हणाली, "पावसाचं बघून नव्हतं दिलं मला. हुंडा कमी मागितला म्हणून दिलं!" तरी १९८६ साली तिच्याकडून दोन पोती आली होती, हे तिला मी आठवण करून दिले.

जोधांचे नाव वर आले आहे, त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. राजस्थानातल्या दोन गावी ते १९६३ ते १९६६ मध्ये आणि पुन्हा १९८२ ते १९८४ मध्ये गेले. काही घरांचे माणशी उत्पन्न मधल्या काळात घटलेले निघाले. पण ती माणसे म्हणत, आमचे बरे चालले आहे. जोधांनी त्यांना खोटे ठरवले नाही; बरे म्हणजे काय, असे त्यांनाच विचारले. उत्तरे आली ती अशी, की आता मालकाच्या दारी राबावे लागत नाही, पायात जोडा आहे. १९८८ साली त्यांनी हे छापले.

सोलापूर-अकोल्याच्या गावांत २००१ साली वह्या पुन्हा उघडल्या, आणि भाचीचा पहिला प्रश्न तिथे सर्वांनाच पडला. जुनी घरे फुटली होती. मग फुटून निघालेल्या घरांनाही यादीत घ्यावे लागले. गाव सोडून गेलेल्यांचा शोध पुढे २००५-०६ च्या सुमारास घेतला गेला. ते गरजेचेही होते, कारण गावात उरलेल्यांवरूनच गावाचे बरेवाईट ठरवले तर निघून गेलेला माणूस बुडाला की तरला हे हिशेबात येतच नाही. आमची डोंबिवली अशा निघून आलेल्यांनी भरलेली. कोकणातली, घाटावरची, खानदेशातली कितीतरी नावे कोणत्या ना कोणत्या गावच्या वहीतून गळून इथल्या लोकलच्या पासावर चढली आहेत.

जाण्याच्या आदल्या रात्री भाचीने मला विचारले, "मामा, समजा तेव्हा तुमच्या गावी पाहणीवाला आला असता, तर तुम्हाला कोणत्या घरात धरायचे?"

मला चटकन सांगता येईना. आई असती तर तिने मला घरातच मोजले असते. "थोरला मुंबईस असतो," एवढे म्हणून बोट दुमडले असते. रेशनकार्डावर माझे नाव गावीच होते. दर महिन्याला मनिऑर्डर जात होती. इकडे मामांच्या कार्डावर मी नव्हतो, पण जेवत इथे होतो. १९८३ साली वाटण्या झाल्या. माझ्या वाट्याची साडेतीन एकर भाऊच करतो. बटई ठरलेली नाही, आणि मी कधी मागितलीही नाही. सुगी झाली की वहिनी आठवणीने मालदांडीचे एक पोते ट्रकवाल्याबरोबर धाडते. यंदाचे आले तेव्हा भाची इथेच होती.

"हे पोते कशात लिहू?" तिने विचारले. "खंड, की भेट?"

"वहिनीला विचार," मी म्हणालो.

तिने खरोखरच फोन लावला. पलीकडून वहिनी बराच वेळ काहीतरी बोलत होती. भाचीने "बरं मामी, बरं," म्हणत ऐकून घेतले, फोन ठेवला, रकान्यांकडे थोडा वेळ पाहिले आणि काही न लिहिता संगणक मिटला.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पोत्याच्या तळाशी हुरड्याची पुरचुंडी ठेवली आहे, ती आधी काढा. नाहीतर किडे पडतील."