तळटीप १४ : ‘मार्क टू’

१४. ‘मार्क टू’ : १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडमधली माणसे वारंवार बदलली. अशा प्रत्येक संचाला चाहते ‘मार्क’ आणि क्रमांक लावून ओळखतात. ‘मार्क टू’ हा १९६९ ते १९७३चा संच : गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, बासवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस. ‘मशीन हेड’ (१९७२) याच संचाचा. पुढे गिलनच्या जागी डेव्हिड कव्हरडेल आला आणि चाहत्यांत तट पडले. १९९५ मध्ये बँड मुंबईत वाजवून गेला, तेव्हा ब्लॅकमोरऐवजी स्टीव्ह मोर्स होता. सगळ्या संचांत टिकला तो एकटा पेस.

लेखक ‘मार्क टू’ हा शब्द औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनाला, म्हणजे गोल फिरत गायच्या भजनाला, गमतीने लावतात. वीरनाथ महाराजांपासूनची ही परंपरा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इथला ‘मार्क’ भांडणाने नव्हे, वारशाने बदलतो. जुने श्रोते मात्र दोन्हीकडे सारखेच : ज्या वयात पहिल्यांदा कान तयार झाला, त्या काळाचे माप ते पुढच्या प्रत्येकाला लावतात, आणि तरीही ऐकायला येतातच.