ताजमहाल हॉटेल: मुक्काम कुणाचा, राबणं कुणाचं?

आज आपण एका हॉटेलाचा इतिहास ऐकणार आहोत. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर, समुद्राच्या काठावर उभं असलेलं ताजमहाल हॉटेल तुमच्यापैकी कितीतरी जणींनी बाहेरून पाहिलं असेल. आमच्या ठाकुर्लीच्या बचत गटांची सहल निघाली की धीम्या लोकलनं सीएसएमटी, तिथून गेटवे, आणि मग मान वर करून त्या घुमटाकडे बघणं हे ठरलेलंच. कुणीतरी विचारतंच, "आत एका रात्रीचे किती घेत असतील गं?" अंदाजाचा आकडा ऐकून सगळ्या हसतात, कारण तेवढ्यात गटातल्या एखादीचं छोटं कर्ज फिटेल.

हसून झालं तरी एक प्रश्न उरतो. परगावाहून शहरात आलेल्या माणसाला रात्रीचा आसरा कुठे मिळायचा? कुणाला मिळायचा, कुणाला नाही? आणि त्या आसऱ्यामागचं रांधणं, धुणं, झाडणं कोण करायचं? या प्रश्नांसाठी आम्ही हा इतिहास वाचला.

जुन्या काळी वाटसरू धर्मशाळेत उतरायचा, नाहीतर गाववाल्याच्या, नातलगाच्या खोलीवर. पैसे देऊन परक्याच्या हातचं खाणं आणि परक्या छताखाली झोपणं आपल्याकडे रुळलेलं नव्हतं. त्यात जातीचा विटाळ होताच. मग १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटींचा रस्ता फार जवळचा झाला. माणसांची ये-जा वाढली. साहेबलोकांसाठी काळाघोड्याजवळ वॉटसनचं हॉटेल उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणलेला होता. १८९६ च्या जुलैत मुंबईतला पहिला चलतचित्रांचा खेळ तिथेच झाला. पण ते हॉटेल गोऱ्यांचं होतं.

एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारातून परत पाठवलं, म्हणून त्यांनी रागानं ताज बांधलं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण इतिहासकारांना तिचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. ज्याचे पुरावे आहेत ते कारण वेगळं आहे, आणि आम्हाला ते जास्त मोलाचं वाटतं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली. वाचलेले गाठोडी बांधून गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ साली सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढणारं शहर आकसलं. मुंबईचं नाव बदनाम झालं, इथे यायला लोक घाबरू लागले. त्याच दिवसांत, १८९८ साली, जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची भर घातलेली जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. शहरावरचा लोकांचा विश्वास परत यावा, ही त्यामागची एक इच्छा होती.

जमशेटजी नवसारीचे, जन्म १८३९ चा. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ साली सुरू केली होती. पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था, पाण्यावरची वीज अशी मोठी स्वप्नं ते बघत होते. अशी आठवण सांगतात, की हॉटेलाचा बेत ऐकून त्यांच्या बहिणीला नवलच वाटलं. एवढी मोठी कामं हातात असताना हा भाऊ आता भटारखाना काढणार का, असा तिचा सूर होता. मैत्रिणींनो, त्या एका शब्दात पुष्कळ काही आहे. परक्यांसाठी अन्न शिजवणं, परक्यांच्या चादरी बदलणं हे तेव्हा हलकं काम समजलं जायचं. आपण घरात करतो तेव्हा ते काम मोजलंच जात नाही, आणि गरिबानं पैशासाठी केलं की हलकं ठरतं. जमशेटजींनी त्याच कामाला गिरणीसारखा उद्योग मानला. त्याला भांडवल लावलं, यंत्रं आणली, हिशेब ठेवला. काम तेच, पण त्याची प्रतिष्ठा बदलली.

इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोन हिंदी स्थापत्यकारांचा. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं काम पुरं केलं. ठेकेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. आतला तो प्रसिद्ध मधला जिना त्यांच्याच डोक्यातून निघाला. इथेही एक दंतकथा चिकटलेली आहे: नकाशा उलटा वाचला गेला, इमारत पाठमोरी बांधली गेली आणि त्या धक्क्यानं स्थापत्यकारानं जीव दिला. हे खरं नाही. मूळचा दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवलेला होता, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. समुद्राकडचा आताचा दरवाजा नंतरचा.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं. पहिल्या दिवशी अवघे सतरा पाहुणे होते असं सांगतात. तेव्हा समोर गेटवे नव्हता. त्याचा पाया १९११ साली घातला गेला आणि तो १९२४ साली खुला झाला. म्हणजे आपण ज्याच्यासमोर उभ्या राहून फोटो काढतो तो दरवाजा हॉटेलापेक्षा वीस-एकवीस वर्षांनी धाकटा आहे. हॉटेल सुरू झाल्यावर पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले.

त्या हॉटेलाचं मोठं नवल होतं विजेचं. बाकीची मुंबई गॅसच्या आणि तेलाच्या दिव्यांवर असताना इथे विजेचे दिवे, पंखे, पाळणे होते, कपडे धुवायची यंत्रं होती. हॉटेलाची वीज हॉटेलच तयार करायचं. पुढे टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज केली, ती १९१५ पासून मुंबईला जाऊ लागली. मग मुळशीचं धरण आलं. मावळातली गावं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, त्यांना लोक सेनापती बापट म्हणू लागले. मावळातल्या बायकाही त्या लढ्यात उतरल्या होत्या. धरण झालंच, शेतं बुडाली. शहरात बटण दाबलं की उजेड पडतो, पण त्यासाठी कुणाची तरी चूल उठलेली असते, हेही या इतिहासातच लिहायला हवं.

आमच्या ठाकुर्लीचंही विजेशी नातं आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रेल्वेच्या गाड्या विजेवर धावू लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी चोळे गावाजवळ रेल्वेनं कोळशावरचं वीजकेंद्र बांधलं. आता ते बंद आहे, पण इथले जुने लोक अजूनही 'पॉवर हाऊस' म्हणूनच त्या भागाची खूण सांगतात. मुंबईला कामाला नेणाऱ्या लोकलची वीज आमच्या गावात तयार व्हायची.

पहिल्या महायुद्धात ताजचं सहाशे खाटांचं इस्पितळ झालं होतं. युद्ध संपल्यावर पुन्हा पाहुणे आले. त्यांत एक नाव आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे: सरोजिनी नायडू. मुंबईत असताना त्या वर्षानुवर्षं याच हॉटेलात उतरायच्या, आणि स्वातंत्र्यचळवळीतल्या माणसांची त्यांच्या खोलीत सतत ये-जा असायची. १९२५ साली कानपूरला त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्या काळात बाईनं शहरात स्वतःच्या नावावर खोली घेऊन राहणं, तिथे बैठका घेणं ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात त्यांच्यामागे घराणं, शिक्षण आणि ओळखी होत्या. साध्या घरातल्या एकट्या बाईला शहरात खोली कोण देत होतं? आजही एकटी बाई लॉजवर गेली की काउंटरवरचा माणूस आधी तिच्या मागे कोण आहे ते बघतो. आमच्या सहयोगिनींनी प्रशिक्षणाला जाताना हा अनुभव घेतलेला आहे.

आता दुसरी मुंबई बघू. ताजच्या स्वयंपाकघरात युरोपी पदार्थ शिजत होते, तेव्हा गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपत होते. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. पहाटे उठून चपात्या लाटायच्या, डबे भरायचे, सावकाराकडून जबर व्याजानं पैसे आणून किराणा भरायचा, आणि पगार झाला की गिरणीवाल्यांकडून वसुली. हीसुद्धा पाहुण्यांची सरबराईच होती, पण त्याला कुणी उद्योग म्हटलं नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२ च्या गिरणी संपानं गिरणगाव उठवलं, खानावळींचं गिऱ्हाईकही गेलं, पण मंडळ टिकलं. आपण आज गटात बसून कर्जाचा हप्ता ठरवतो, त्याची एक वाट त्या खानावळीच्या चुलीपासून आलेली आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपल्यापैकी कुणीच विसरलेली नाही. अतिरेक्यांनी ताजमध्ये एकतीस माणसं मारली. पाहुण्यांना वाचवताना हॉटेलाचे कर्मचारी, स्वयंपाकघरातली माणसं मरण पावली. त्यांना पळून जाता आलं असतं, तरी पुष्कळ जण थांबले. घुमटाला लागलेली आग साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिली. पण त्याच रात्री आमची लोकल जिथे थांबते त्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसं मेली. ती गाडीची वाट बघत, गाठोड्यांवर टेकून बसलेली माणसं होती. तिथे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून लोकांना बाहेर पडण्याच्या सूचना देत राहून कितीतरी जीव वाचवले. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हाला त्या आवाजाचं मोल वेगळं सांगायला नको. ताजचं मरण जगाला दिसलं, फलाटावरचं तेवढं दिसलं नाही. टाटांनी त्यानंतर जो मदत न्यास काढला, त्यानं हॉटेलाबाहेरच्या पीडितांनाही हात दिला, याची नोंद करायला हवी. हॉटेलाचा जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

या सगळ्यातून आपण घ्यायचं काय? ताजमध्ये एक रात्र राहायला मिळावं असं वाटण्यात गैर काही नाही. स्वप्न बघायला भाडं लागत नाही. पण आपल्याला आधी गरज आहे ती आपल्याच कामाची किंमत ओळखण्याची. कोकणात, मावळात, जव्हार-मोखाड्याकडे आज कितीतरी घरांत पाहुणे उतरतात. २०२३ साली राज्य सरकारनं महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या कर्जावरचं व्याज सरकारनं परत करण्याची तरतूद आहे. तुमच्या गटातली कुणी खोल्या देत असेल तर पर्यटन कार्यालयात चौकशी करा, आणि अटी स्वतः वाचून घ्या.

दर ठरवताना मात्र एक करा. वहीत फक्त तांदूळ, तेल, गॅस लिहू नका. पाणी भरायला किती वेळ लागला, चादरी कुणी धुतल्या, पहाटे चहासाठी कोण उठलं, संडास कुणी घासला, हे तास लिहा. त्या तासांना गावातली मजुरी लावा आणि मग भाडं सांगा. घरच्या सुनेचे तास फुकट धरले तर भाडं स्वस्त दिसेल, पण ते स्वस्तपण तिच्या अंगावर निघेल.

आणि वहीत नावं लिहा. ताजच्या इतिहासात मालकाचं, स्थापत्यकाराचं, ठेकेदाराचं नाव सापडतं. १९०३ साली पहिल्या सतरा पाहुण्यांचं अन्न कुणी शिजवलं, त्यांची अंथरुणं कुणी घातली, ती नावं आम्हाला कुठल्याच पुस्तकात मिळाली नाहीत. आपल्या गटाच्या इतिवृत्तात तसं होऊ देऊ नका. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि पहिलं पान तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या खानावळवालीच्या किंवा डबेवालीच्या नावानं सुरू करा. तिला विचारा, बाई, तू कुणाकुणाला जेवू घातलंस? ती सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्या.